सुनेशी बोलायचंय

ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या मजल्यावर स्पॅनिशचा वर्ग भरायचा. खाली गाडी शिकणारे गिअर खरवडत, वर स्पॅनिशवाले क्रियापदं खरवडत. फळा इतका जुना झाला होता की कितीही पुसला तरी आदल्या आठवड्याचा धडा त्याच्यावर अंधुक दिसत राहायचा. शिकवणाऱ्या बाईंना सगळे मिस म्हणत, त्यांच्या दुप्पट वयाचे चष्मेवाले काकासुद्धा.

काकांचं चष्म्याचं दुकान त्याच रस्त्यावर, चौक ओलांडून. नाव नोंदवायला ते बायकोला घेऊन आले, तेव्हा मिसनी हसून विचारलं होतं, "या वयात स्पॅनिश? फिरायला जाताय वाटतं?"

"सुनेशी बोलायचंय," काका म्हणाले.

काकू तेव्हा खिडकीतून खाली बघत होत्या. मिसना वाटलं, किती हौशी जोडपं! वर्गातल्या बाकीच्यांना कुणाला परदेशी नोकरी हवी होती, कुणाला हॉटेलात बढती. नुसतं बोलण्यासाठी भाषा शिकणारे हे दोघंच. काका पुस्तक हातभर लांब धरून वाचायचे आणि कुणी हसलं की म्हणायचे, "दिव्याखाली अंधार. चष्मेवाल्यालाच धड चष्मा नाही." काकू मात्र सगळं वळणदार अक्षरात लिहून घ्यायच्या आणि शब्द पाठ करताना ओठ हलवायच्या.

त्या दिवशी भूतकाळ होता.

"स्पॅनिशमध्ये भूतकाळ दोन," मिस म्हणाल्या.

"एक पुरला नाही वाटतं त्यांना," वर्गातली एक नर्स पुटपुटली.

"आपल्यालाही नाही पुरत. 'तो गायचा' आणि 'तो गायला', यात फरक आहे की नाही? गायचा म्हणजे नेहमीचं. कधी सुरू झालं, कधी थांबलं, त्याच्याशी आपल्याला घेणंदेणं नाही. गायला म्हणजे एकदा गायला. गाणं संपलं, लोक आपापल्या घरी गेले." त्यांनी फळ्यावर दोन रूपं लिहिली. पहिलं कांताबा, दुसरं कांतो.

हॉटेलातल्या रिसेप्शनिस्टनं हात वर केला. "मिस, आमचा मॅनेजर म्हणतो, 'मी तुझी रजा मंजूर करणारच होतो.' हा कुठला काळ?"

"ती थाप. तिला काळ नसतो."

वर्ग हसला. मिसनी काम दिलं. घरातल्या कुणाही एका माणसाबद्दल पाच वाक्यं लिहायची, दोन्ही भूतकाळ वापरून. थोड्या वेळानं त्यांनी काकूंना उभं केलं. एरवी आवाज न फुटणाऱ्या काकू सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारख्या वाचू लागल्या.

"माझा मुलगा उशिरा उठायचा. आंघोळ करताना गायचा. पावाच्या कडा काढून माझ्या ताटात टाकायचा. माझ्या हातचं सगळं खायचा आणि सगळ्याला नावं ठेवायचा."

पुन्हा हशा पिकला. मिसही हसल्या. "फारच छान, काकू! पण एक चूक आहे बघा. मुलगा तिकडे आहे ना? अजून गातोच ना? मग इथे भूतकाळ नको. कांताबा नाही, कांता. गातो." आणि त्यांनी फळ्यावर तो शब्द ठळक लिहिला.

काकू फळ्याकडे बघत राहिल्या. "नाही, मिस," त्या म्हणाल्या. "कांताबाच बरोबर आहे."

मिसना आधी कळलं नाही. त्या पुन्हा समजावायला लागल्या, तेवढ्यात काका बसल्या जागेवरून म्हणाले, "तो गेला, मिस. मागच्या हिवाळ्यात. मी एकच वाक्य लिहिलंय, ते बरोबर असावं." त्यांनी वही पुढे सरकवली. वहीत 'मुरिओ' एवढंच होतं, 'वारला'. मिसनी ते बघितलं आणि लगेच नजर उचलली. मग काय करावं ते न सुचून त्यांनी फळ्यावरचा तो शब्द तळहातानंच पुसला. खाली कुणाची तरी गाडी बंद पडली, आणि शिकवणारा ओरडला, "क्लच! अहो, क्लच!"

वर्ग सुटल्यावर दोघं थांबले. मिस माफी मागू लागल्या, तर काकूच म्हणाल्या, "तुम्हाला काय माहीत? आम्ही सांगितलंच कुठे!"

मग त्यांनी सांगितलं. एकुलता एक मुलगा दुकानात बसायचं सोडून बेकरीचं काम शिकला आणि दूर एका बंदरावरच्या गावात जाऊन राहिला. तिथेच लग्न केलं. एक मुलगी झाली. मोटारसायकलवरून पाव पोचवायला जाताना एका ट्रकनं उडवलं. इस्पितळात दोन दिवस होता. यांना कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि कागदपत्रं वेळेत न झाल्यानं जाताही आलं नाही. आता सून दर रविवारी व्हिडिओ कॉल करते, नातीला पुढे बसवते. तिकडून 'ओला', इकडून 'ओला'. पुढे नुसतं एकमेकांकडे बघायचं.

"मला एवढंच विचारायचंय की शेवटी काय झालं," काका म्हणाले. "तो शुद्धीवर होता म्हणतात. काही बोलला का?"

"मला ते नाही ऐकायचं," काकू म्हणाल्या. "तो तिकडे कसा राहायचा, काय करायचा, तेवढं कळलं तरी पुरे."

काका खुर्च्या सरळ करायला पुढे गेले, तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "बापलेकांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं हो. दुकान सोडून गेला म्हणून हे त्याच्याशी बोलायचेच नाहीत. त्याचा फोन माझ्याकडे यायचा. 'बाबा कुठेत?' विचारायचा. मी म्हणायची, गिऱ्हाईक आहे. बोलणं सुरू करायला दोघांनाही निमित्त हवं होतं, ते काही मिळालं नाही. या रविवारी याल तुम्ही?"

मिस गेल्या. दुकानामागच्या खोलीत टेबलावर फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर सून आली. केस वर बांधलेले, कोपराला पीठ. नवऱ्याची बेकरी आता तीच चालवत होती. नात तिच्या मांडीवर चुळबुळ करत होती.

आधी काकूंनी विचारलं. सून भरभरून बोलत गेली आणि मिस सांगत गेल्या. तो पहाटे भट्टीशी भांडायचा. मुलीला खांद्यावर बसवून पाव विकायचा. गायचा अजूनही, आणि शेजारीण भिंतीवर थाप मारायची. काकू हसता हसता पदरानं डोळे टिपत होत्या. "शेजारीण बरोबर होती," त्या म्हणाल्या. "सूर कसा तो नव्हताच त्याला."

मग काकांनी स्वतःच, पाठ केलेल्या शब्दांत विचारलं. इस्पितळात तो काय म्हणाला?

सुनेनं मुलीला आत पाठवलं. थोडं थांबून ती हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मिसनी ऐकलं आणि पडद्यावरून नजर काढून घेतली.

"ती म्हणते, त्याच्या मनात होतं. वडिलांशी फोनवर बोलावं असं त्याच्या मनात होतं."

काका मान हलवणार होते, पण हलवली नाही. "थांबा. मनात होतं म्हणजे केरिआ. तुम्हीच शिकवलंत. ती केरिआ नाही म्हणाली, कीसो म्हणाली. दुसरा भूतकाळ. त्यानं काय फरक पडतो?"

"थोडासाच."

"मिस, मी लोकांना खोटा नंबर काढून देत नाही. तुम्हीही देऊ नका."

मिसनी टेबलावर हात ठेवले. "या एका क्रियापदाचा अर्थ बदलतो, काका. केरिआ म्हणजे इच्छा होती. कीसो म्हणजे त्यानं तसं करून पाहिलं. पण जमलं नाही."

"करून पाहिलं." काका पुटपुटले. "म्हणजे फोन लावला होता." पडद्यावरची सून वाट बघत होती. "त्याचा स्वतःचा फोन तर फुटला होता. मग आमच्या दुकानाचा लावला असणार. तो एकच नंबर पाठ असेल त्याला, लहानपणापासूनचा." त्यांची नजर दुकानाच्या दाराकडे गेली. "आला होता. दुपारी. एक बाई भराभरा काहीतरी परक्या भाषेत बोलत होती. मी म्हटलं, राँग नंबर. ठेवला. पुन्हा आला. पुन्हा ठेवला. गिऱ्हाईक होतं खुर्चीवर."

काकूंनाही हे आता पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग सुनेला म्हणाल्या, "आदिओस," आणि फोन बंद केला. काका उठून दुकानात गेले. तिथे दिवा लागला नाही.

पुढच्या वर्गाला काकू एकट्या आल्या. त्याच्या पुढच्यालाही. "तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका," त्या मिसना म्हणाल्या. "त्यांनी विचारलं, तुम्ही सांगितलं. दुकान उघडतात, लोकांचे डोळे तपासतात. स्वतःच्या डोळ्याला डोळा नाही. आणि मला त्यांच्याशी बोलवत नाही, काय करू? त्यांची चूक नाही हे कळतं. पण कळतं ते डोक्याला. ताट वाढते, पुढे ठेवते, आणि आत निघून जाते."

"सुनेचा फोन?"

"येतो रविवारी. हे समोर बसत नाहीत."

मग एका संध्याकाळी, सगळे गेल्यावर, काका जिना चढून वर आले. दारातच उभे राहिले. दाढी वाढली होती.

"मिस, दोन-तीन वाक्यं हवी होती. 'तू फोन केलास. मी ठेवला.'"

मिसनी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं नाही, नुसतं म्हणून बघितलं. तू यामास्ते. यो कोल्गे.

"आणि 'मला माहीत नव्हतं'?"

"नो साबिआ."

"हा पहिला भूतकाळ ना? नेहमीचा?"

"हो."

"नेहमीचाच," काका म्हणाले आणि जिना उतरले. उतरताना ते प्रत्येक पायरीवर शब्द घोकत होते, शाळेत उभं करणार असलेल्या मुलासारखे.

त्या रविवारी काकूंनीच मिसना बोलावून घेतलं. काका फोनसमोर बसले होते, दाढी करून, दुकानात जाताना घालतात तो शर्ट घालून. सून दिसल्याबरोबर, ती 'ओला' म्हणायच्या आत, त्यांनी तिन्ही वाक्यं एका दमात म्हटली.

सुनेनं तोंडावर हात ठेवला. मग तिनं काहीतरी विचारलं, पुन्हा पुन्हा तेच.

"ती विचारतेय, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?" मिस म्हणाल्या. "ती म्हणते, मला वाटलं होतं तुम्ही ओळखून फोन ठेवलात. तुम्हाला त्याच्याशी बोलायचंच नव्हतं. त्याच्या हातांना पट्ट्या होत्या, म्हणून फोन तिनंच लावला होता. 'एक मिनिट थांबा, देते' एवढंच ती सांगत होती."

"एक मिनिट थांबा," काका म्हणाले. "इतकंच होतं ते?"

"त्याला काय सांगितलंस?" काकूंनी सुनेला विचारलं. आपल्याच भाषेत विचारलं, पण सुनेला कळलं असावं.

सून बोलत राहिली. मिस सांगू लागल्या, "ती म्हणते, मी त्याला खोटं सांगितलं. म्हटलं, कुणी उचलत नाही. तर तो म्हणाला, बाबांची दुपारची झोप असेल. दार अर्धं लोटून घेतात आणि खुर्चीतच झोपतात. उठले की करू. आणि मग संध्याकाळी..." मिसनी पुढचं सांगितलं नाही.

"मी कुठे झोपतो दुपारी?" काका म्हणाले. "किती वर्षं झाली."

"झोपायचात," काकू म्हणाल्या. कित्येक दिवसांनी त्या नवऱ्याशी थेट बोलत होत्या. "तो शाळेतून यायचा तेव्हा झोपायचात. चपला हातात घेऊन आत यायचा तो, तुम्ही उठाल म्हणून."

काका आता रडत होते. चष्मा काढून बाजूला ठेवायचंही त्यांना सुचत नव्हतं. काकूंनी तो काढला, पदरानं पुसला आणि हातातच धरून ठेवला.

बऱ्याच वेळानं काकांनी मिसना म्हटलं, "तिला विचारा, मी मुद्दाम फोन ठेवला असं वाटत होतं, तर दर रविवारी पोरीला माझ्यासमोर का बसवत होतीस?"

मिसनी विचारलं. सुनेचं उत्तर छोटंसंच होतं.

"राग तुमच्यावर होता, म्हणते. पोरीनं काय केलं होतं?"

आतून नात धावत आली, आईच्या मांडीवर चढली आणि पडद्याला नाक लावून आजोबांकडे बघू लागली. तिनं आईला काहीतरी विचारलं. मिस ते सांगणार, तोच काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. आजोबा का रडतात, हा प्रश्न त्यांना कळला होता. त्यांनी नुसता हात हलवला, आणि नातीनंही हलवला.

काका पुन्हा वर्गाला येऊ लागले. दोघं शेजारी बसत, फारसं बोलत नसत. वर्षअखेरीच्या परीक्षेत काकू पहिल्या पाचांत आल्या. काका नापास झाले. भूतकाळाचा प्रश्न त्यांनी कोराच सोडला होता. मिस म्हणाल्या, "पुन्हा बसा, काका. तुम्हाला येतं सगळं."

"बघू," ते म्हणाले. जिन्याच्या तोंडाशी काकू थांबल्या होत्या. त्यांना गुडघ्याचा त्रास होता, उतरताना आधार लागायचा. काकांनी हात पुढे केला. काकूंनी क्षणभर त्या हाताकडे बघितलं, आणि मग धरला.