गोलकीपरची धाव

संध्याकाळच्या उपांत्य सामन्यात डाव्या कडेने खेळणाऱ्या विंगरला बाहेर बसवायचं, असं फिटनेस ट्रेनरने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. रमजान सुरू झाल्यापासून विंगर रोजे धरून सरावाला येत होता आणि ट्रेनर त्याच्या आलेखावर डोळा ठेवून होता.

"ही तुझी कालची धाव." त्याने लॅपटॉप पुढे सरकवला. "माझी आजीसुद्धा बाजारात याहून जास्त पळते."

विंगरचं तोंड उतरलं. घशाला कोरड पडली तरी काल तो जीव तोडून पळला होता. शेजारी बसलेल्या कोचने संघाच्या यादीत त्याच्या नावावर पेन टेकवलं. हे लक्षण काही बरं नव्हतं.

पडद्यावर मैदानाचा नकाशा होता. विंगर जिथे जिथे गेला तिथे लाल ठिपके. आणि सगळे ठिपके आपल्याच गोलच्या तोंडाशी.

"सर, मी तिथे काय करत होतो?"

"दम खात होतास. दुसरं काय?"

दारात रेललेला गोलकीपर फिस्सकन हसला. दोघं एकाच खोलीत राहायचे. विंगरने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि एकदम ताठ बसला.

"सर, याची धाव काढा."

"कीपरची? ती कोण बघतं?"

"आज बघा ना."

ट्रेनरने नाक मुरडत बटण दाबलं. गोलकीपर डाव्या कडेने पार समोरच्या कॉर्नरपर्यंत उधळला होता.

धाव मोजणारी बनियनं सगळ्यांची सारखीच, काळी. पहाटे सहरी खायला उठून दिवा लावला की कीपर उशी फेकून मारायचा. म्हणून विंगर अंधारातच चाचपडत, हाताला लागेल ते बनियन पिशवीत कोंबायचा.

कोच पोट धरून हसला. "खेळतोयस तू."

"पण सर, शेवटी शेवटी पाय जड होतात हे खरं आहे. तेव्हा मला काढा."

ट्रेनरने कीपरच्या नावावरचा आलेख पुन्हा पाहिला. शेवटाकडे तो खरंच उतरला होता. "बघा, मी म्हणत होतोच!" तो खुलला.

विंगरने सुरुवातीलाच गोल ठोकला. पाय जड व्हायला लागले तसं कोचने त्याला बाहेर घेतलं. सूर्य बुडाला तेव्हा तो बाकावर खजूर चघळत होता आणि संघ अजून पुढे होता.

सामना जिंकून कीपर घामाने निथळत आला.

"लेका, उद्यापासून दिवा लावत जा. मी शिव्या देईन, पण लाव."