मुठीतल्या अक्षता

डोंबिवलीत मंदाकिनीबाईंच्या घरी श्रावणी शुक्रवार म्हणजे काय विचारता! जिवतीचा कागद भिंतीवर, पुरणाचा नैवेद्य, लेकराबाळांना औक्ष मागणं. आणि सोमवारी सुनेला, हेमांगीला, घोडबंदर रोडच्या एका डॉक्टरकडे न्यायचं ठरलेलं. चोरून केलेल्या तपासणीत मुलगी निघाली होती.

हेमांगी धाकटी. थोरली सून कल्पिता गेल्या वर्षी गेली. दोन मुली अशाच पाडल्या, तिसऱ्या वेळी रक्त थांबेना. बाहेर सांगितलं, कावीळ झाली. शेजारणींनी माना डोलावल्या.

हेमांगी वहीत गोष्टी लिहायची. सासूबाईंनी वह्या रद्दीत घातल्या. "लिहून काय दिवे लावणारेस?" नवरा विनीत टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "जाऊ दे ना, आईशी कशाला वाद!"

दरवर्षी कहाणी कल्पिता वाचायची. यंदा पोथी हेमांगीकडे आली. पाच शेजारणी आणि सासूबाई अक्षता मुठीत धरून बसल्या. कहाणी पुरी होईपर्यंत उठायचं नाही, मूठ सोडायची नाही, ही रीत. हेमांगीने पोथी मिटली.

"आटपाट डोंबिवली होती. तिथे एका सासूला दोन सुना. थोरलीचं नाव कल्पिता."

"अगं, पोथीतलं वाच!" सासूबाई ओरडल्या.

"उठू नका आई. जिवती कोपेल."

आणि बाई उठल्या नाहीत हो! जित्याजागत्या सुनेची कधी भीड वाटली नाही, कागदावरच्या देवीला मात्र भ्यायल्या. हेमांगीने सगळं सांगितलं. दोन मुली, बाथरूममधलं रक्त, शेजारी बघतील म्हणून दोन तास न बोलावलेली रिक्षा.

"धाकटीला चौथा महिना आहे. तिलाही सोमवारी नेणार. मला जायचं नाही. पुढची कहाणी मला ठाऊक नाही."

एकीने अक्षता ताटात टाकल्या. "मुलांची शाळा सुटेल." मग दुसरीने, तिसरीने, चौथीने. दूध-फुटाणे न घेताच पळाल्या मेल्या.

उरल्या समोरच्या गोदूबाई.

"गोदू, घरचा मामला आहे हा," सासूबाई म्हणाल्या.

"कहाणी कुठे संपलीय? मूठ कशी सोडू?" गोदूबाई म्हणाल्या. "कल्पिताला शेवटची आंघोळ मी घातली, मंदा. मला सगळं दिसलं होतं. तू कावीळ म्हणालीस, मीही हो म्हटलं. वर्षभर घास उतरत नाहीये माझ्या घशाखाली."

त्यांनी अक्षता पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या आणि हेमांगीचं मनगट धरलं.

"ऊठ. पोलीस चौकीत जाऊ. मीही सांगेन. वाटेत परत एकदा म्हण, तिथे अडखळायचं नाही."

हेमांगीने चपला घातल्या. जिना उतरता उतरता तिने पहिल्यापासून सुरुवात केली. "थोरलीचं नाव कल्पिता."