बाण फिरवणाऱ्याला माफी नाही

मित्रांनो, मी बाणाच्या आकाराची एक जुनी लाकडी फळी आहे. गल्लीच्या तोंडाशी, दिव्याच्या खांबाला लोखंडी आकड्यांवर मी लटकते. म्हातारी वस्तू म्हणजे मऊ मनाची असणार, असं समजू नका. एका माणसावर माझा राग आहे, आणि तो मी माझ्या रंगापेक्षा जास्त जपला आहे.

पूर्वी मी एका रंगाऱ्याच्या कपाटाचं दार होते. त्या कपाटात तो बाटल्या लपवायचा. दारू सुटल्यावर त्यानं कपाट मोडलं, मला कापून टोक काढलं आणि माझ्या दोन्ही अंगांना एकच शब्द रंगवला, 'सभा'. त्याचा हात अजून थरथरत होता, म्हणून 'भ' जरा तिरका आला. दारू सोडू पाहणारी माणसं दर आठवड्याला छापखान्याच्या माडीवर जमत. फळीवर दारूचं नाव नको, असा त्यांचा रिवाज. ओळखीचं कोणी पाहील या धास्तीनं नवा माणूस परत फिरू नये, एवढंच त्यामागं होतं.

नवा माणूस मला लगेच कळे. तो फोनवर बोलल्याचं सोंग करी, मान खाली घालून पुढं निघून जाई, परत येई आणि मग चोरून माझ्याकडे पाही. मी त्याला डावीकडचा जिना दाखवी. एक बस ड्रायव्हर तर पुढं कधीतरी मुद्दाम थांबला, खिशातल्या रुमालानं मला पुसलं आणि म्हणाला, "तू नसतीस तर मी गेलो होतो कामातून." ते दिवस माझ्या सुखाचे होते.

उजवीकडे बार होता. गिऱ्हाइकं जिना चढू लागली, तशी मी बारमालकाच्या डोळ्यांत खुपू लागले. एका सकाळी त्यानं स्टूल आणलं, मला आकड्यांवरून काढलं, माझी मागची बाजू पुढं केली आणि पुन्हा टांगलं. दोन्ही अंगांना तेच लिहिलेलं, त्यामुळं कोणाला काही वेगळं दिसलं नाही. माझं टोक मात्र आता त्याच्या दाराकडे होतं. जाताना त्यानं मला टिचकी मारली. ती टिचकी मी विसरलेले नाही.

त्यानंतर थरथरत आलेली माणसं माझ्याकडे बघून, सभा आतल्या खोलीत असेल असं समजून बारमध्ये शिरत. आत शिरल्यावर किती जण तसेच बाहेर येणार? माडीवरची मंडळी म्हणत, "हल्ली नवीन कोणी येतच नाही." पण त्यांतल्या एकानंही मान वर करून मला पाहिलं नाही. रंगाऱ्यानंसुद्धा नाही. वाट पाठ झाली की फळीकडे कोण बघतं? त्यांचाही मला संताप येई. मी मनातल्या मनात मालकाला तळतळाट देत राहिले.

या मालकाला एक धाकटा भाऊ होता. बेकरीत भट्टीवर काम करायचा आणि पगार पिऊन टाकायचा. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती. "सभेला जाऊन दाखव, मग परत येते," असं तिनं बजावलं होतं. मालक जगाला दारू विकायचा, पण या भावाला बारची पायरी चढू देत नसे. शेवटी मालकाच्या बायकोनं दिराला समजावलं, त्याचा शर्ट इस्त्री केला आणि सभेला पाठवलं.

तो आला. माझ्याकडे पाहिलं. मी दाखवलं तिकडे गेला.

वेटर नवा होता, त्यानं ग्लास भरला. मालक आतून आला तेव्हा ग्लास रिकामा होता.

"तू इथं कसा?" मालक ओरडला.

"वहिनी म्हणाली, बाण दाखवेल तिकडे जा. गेलो. दादा, सभा तुझ्याकडेच असते होय?"

गिऱ्हाइकं खो खो हसली. मालकाचा चेहरा पांढराफटक पडला. मला आनंद झाला, मित्रांनो. लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्याखाली येऊन उभी राहिली. "हा बाण कोणी फिरवला?"

"वाऱ्यानं," मालक म्हणाला.

"वारा आकड्यातून काढतो आणि पुन्हा आकड्यात अडकवतो होय? आणा ते स्टूल!"

भर रस्त्यात, सगळ्यांदेखत त्यानं मला सरळ केलं. पण भाऊ हटून बसला. "फळीवर आता माझा विश्वास नाही. दादा, सभेच्या दिवशी तू खाली उभा राहा आणि हात करून दाखव. तरच मी वर जाईन."

तेव्हापासून मालक दर सभेला खांबाखाली उभा असतो. भाऊ जिना चढून जातो. मागून येणारा प्रत्येक नवा माणूस मालकालाच विचारतो, आणि भाऊ माडीच्या खिडकीतून बघत असतो, त्यामुळं खोटी वाट दाखवायची सोय नाही.

मित्रांनो, वाट दाखवणाऱ्या वस्तूला फिरवू नका. आणि तुम्हाला वाट सापडली असली, तरी जाता जाता त्या वस्तूकडे एकदा मान वर करून बघा.

परवा बारचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक मालकासमोर येऊन थांबलं. "मालक, सभा कुठं भरते?" त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. मालकानं बारच्या दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं आणि हात उचलून जिना दाखवला.

हात भरून येतो म्हणे त्याचा. येऊ दे.