वरच्या कप्प्याची चावी

मोठ्या डॉक्टरांनी खिडकीतून आत सरकवलेला कागद औषधवाल्या बाईंनी वाचला आणि तसाच परत सरकवला.

“कारणाची जागा कोरी आहे, सर.”

“सात नंबरच्या खाटेवर माझी आई आहे. नऊ दिवस ताप हटत नाहीये. हे कारण पुरत नाही?”

वरच्या कप्प्यातलं औषध म्हणजे जंतूंवरचा शेवटचा उपाय. ऊठसूट वापरलं तर जंतू त्यालाही सरावतात आणि मग हातात काहीच उरत नाही, म्हणून कप्प्याला कुलूप लावायचा नियम याच डॉक्टरांनी केला होता. चावी बाईंकडे. अख्खं हॉस्पिटल त्यांना पाठीमागे ‘कुलूपबाई’ म्हणायचं. पण स्वतःची आई खाटेवर असली की भल्याभल्यांचं डोकं चालेनासं होतं.

“चावी द्या, बाई.”

“आधी पेशंट बघू द्या,” म्हणत बाई जिन्याकडे निघाल्यासुद्धा. नोकरी गेली तर गेली! डॉक्टरही मागोमाग आले.

आजी खाटेवर बसून संत्रं सोलत होत्या. डोळे तरतरीत, जीभ त्याहून. बाईंनी कागद चाळले. लघवीतले जंतू पाचव्या दिवशीच गेले होते, रक्तातही काही नव्हतं. सलाईनच्या बाटलीतून दिलं जाणारं जंतूंवरचं नेहमीचं औषध मात्र डॉक्टरांनी धोका नको म्हणून चालूच ठेवलं होतं.

“आजी, ताप कधी येतो तुम्हाला?”

“ही बाटली संपली की तासाभरात. आधी हुडहुडी, मग ताप. सकाळ-संध्याकाळ, अगदी ठरलेलं.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला.

“आई, हे मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कुठे? आलास की कागद बघतोस. आणि एवढा मोठा डॉक्टर तू, तुला ठाऊक असणारच की!”

बाईंनी अर्ध्या बाटलीकडे बोट दाखवलं.

“हे बंद करा, सर. मला हा या औषधानेच येणारा ताप वाटतो.”

“आणि नसला तर?”

“तर चावी घेऊन मी स्वतः धावत येईन. तोवर दर दोन तासांनी तपासू. पण आज कुलूप उघडणार नाही.”

डॉक्टरांनी नळीतल्या थेंबांकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने ते थांबवले.

दुसऱ्या दिवशीही ताप होता. डॉक्टर दोनदा खिडकीशी आले, बाईंनी दोनदा नकारार्थी मान हलवली. चावी काही त्यांनी काढली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी पारा उतरला तो पुन्हा चढलाच नाही.

“मग इतके दिवस मला झालं होतं तरी काय?” आजींनी विचारलं.

डॉक्टरांना आजारांची मोठमोठी नावं तोंडपाठ होती. त्यांनी स्टूल ओढलं आणि खाटेला लागून बसले.

“माझी धास्ती बाधली तुला, आई.”