माणसासाठी घेतलेला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. खरं सांगायचं तर दोराचा हातभर उरलेला तुकडा. मूर्तिजापूरच्या बाजारात रहमतुल्ला चाचांच्या दुकानात खिळ्याला टांगलेला असतो. माझ्यावर आता कुणाचाही भार नाही, तरी कुणी विहिरीकडे निघालं की माझी धाकधूक थांबत नाही.

समुद्राकाठच्या एका कारखान्यात मी जन्मलो. नायलॉनचे केसासारखे बारीक धागे, त्यांचे पीळ, आणि तीन पिळांचा मिळून मी. माझ्यासोबतची भेंडोळी बंदरावर जहाजं बांधायला गेली. मी मात्र आगगाडीने वऱ्हाडात आलो. ती टंचाईची वर्षं होती. पाऊस पाठ फिरवी, विहिरी एकामागून एक आटत आणि जो तो आपली विहीर आणखी खोल करायला धडपडे.

विहिरी खोदणाऱ्या टोळीचे मुकादम पुंजाजी एक दिवस दुकानात आले. त्यांनी स्वस्त पिवळ्या दोराला हात घातला.

"माणसासाठी पाह्यजे का बैलासाठी?" चाचांनी विचारलं.

"माणसासाठी. आमचा साळा उतरते विहिरीत."

"मंग तो ठेवा खाली. तो पाण्यावर तरते, होडीवाल्याले बरा. काठावर घासला का तापून वितळते. हा नायलॉन घ्या. माणूस एक उतरो, दोर दहा माणसं पेलणारा पाह्यजे. अन् तीन दुश्मन ध्यानात ठेवा: ऊन, घासणं अन् तेजाब."

पुंजाजी हसले. "आमी का सोनार हाव, चाचा? आमच्याकडं कुठचं तेजाब!"

तो साळा म्हणजे डोमाजी. पुंजाजींची बायको माणिकबाई ही त्याची मोठी बहीण. डोमाजी माझ्या फासात बसे, चौघे जण मला कप्पीवरून हळूहळू सोडत आणि तो साठ फूट खाली जाई. दगड वर काढायला यारीची, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या उचलयंत्राची, लोखंडी बादली आणि तिचा तारेचा दोर वेगळा होता. पण माणूस माझ्यावरच. म्हणून रोज सकाळी माणिकबाई मला हात-हात करत बोटांखालून काढी, मध्येच पीळ उकलून आत पाही.

"बाई, दोर तपासून राहिली का माळ जपून राहिली?" डोमाजी चिडवी.

"तुह्याच नावानं जपून राहिली, मेल्या. बस गुमान."

त्या बोटांचा मला केवढा आधार वाटे!

दोन हंगाम असे गेले. मग दसरा आला. पुंजाजींनी पहारी, घण, कप्पी मांडून हळदकुंकू वाहिलं. यारीच्या इंजिनाची बॅटरी पूजेला उघड्या भुईवर कशी ठेवावी? त्यांनी माझं वेटोळं केलं आणि बॅटरीला आसन म्हणून खाली दिलं. श्रद्धेनेच केलं हो. पण बॅटरीच्या बुडाला चीर होती. तिच्यातलं ॲसिड, म्हणजे तेच तेजाब, थेंबथेंब माझ्यात मुरत गेलं. वरचे डाग हळदीत लपले. आतले धागे मात्र जळत होते आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

काही दिवसांनी नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका मळ्यात काम लागलं. नेमकी पहिल्याच सकाळी माणिकबाईची एस.टी. चुकली. मळेवाला घाई करत होता. "आज राहू द्या तपासणं, दोर तं घरीच होता," पुंजाजी म्हणाले.

डोमाजी फासात बसला. त्याचं वजन पडताच माझ्या आतला एक धागा तुटला. मग दुसरा. तो तळाला टेकेपर्यंत मी किती धागे मोजले, विचारू नका. मला एकच भीती होती, याला वर यायचं आहे, तेही माझ्याच भरवशावर.

दुपारी भाकरीची टोपली घेऊन माणिकबाई आली. टोपली ठेवली आणि सवयीने काठावरचा मी तिने हातात घेतला. तिची बोटं थबकली. मी हिवाळ्यातल्या टाचेसारखा खरखरीत लागत होतो. तिने पीळ उकलला. आतल्या धाग्यांचा भुगा तिच्या चिमटीत आला.

खालून डोमाजी ओरडला, "ओढा रे, भूक लागली!"

"ओढू नोका!" माणिकबाई किंचाळली. "डोमा, दोराले हात नोको लावू! लोखंडी बादलीत बस!"

"काहून व, बाई? काय झालं?"

"बस म्हणतो ना!"

बादली खाली गेली. डोमाजी तिच्यात बसून तारेच्या दोरावर वर आला, काठावर पाय टेकला, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. मग पुंजाजींनी त्याच्या वजनाइतकं दगडांचं पोतं माझ्या फासात बांधून तळाला सोडलं आणि वर ओढायला लावलं. पोतं अर्ध्यावर आलं आणि मी तुटलो. तळातून आलेला तो धप्प आवाज सगळ्यांनी ऐकला.

पुंजाजी माझ्यावरचा हळदीचा पिवळा डाग चोळत म्हणाले, "बॅटरीले आसन देल्लं म्या... चाचानं सांगतलं होतं व."

माणिकबाईने विळा घेतला आणि माझे हातहातभर तुकडे केले. पुन्हा कुणी मला गाठ मारून माणूस सोडू नये म्हणून. त्यातला एक तिने चाचांना नेऊन दिला.

मित्रांनो, आजही कुणी दोर घ्यायला आलं की चाचा विचारतात, "माणसासाठी का?" हो म्हटलं, की मला खिळ्यावरून काढून त्याच्या हातात देतात आणि पीळ उकलायला लावतात. भुगा बोटांना लागतो, मग गिऱ्हाईक नवा दोरही तसाच उकलून पाहतं. तुम्हीही कधी दोर हाती घ्याल. वरचा रंग पाहून विसंबू नका, पीळ उकलून पाहा. आम्हाला बोलता येत नाही, पण तुमच्या बोटांना आम्ही खोटं सांगत नाही.