सातवा पेला

झाकण उचललं की आधी काचेवर काच घासल्याचा बारीक आवाज, मग तळहाताला निळ्या पेल्याची कोमट ऊब, आणि मग... काही नाही. तिनं पेला आणखी जवळ नेला, इतका की काठ वरच्या ओठाला टेकला. काही नाही. चांगला नाही की वाईट नाही. वासाची जागाच रिकामी. दार उघडावं आणि पलीकडे खोलीच नसावी, तसं. तिनं झाकण परत ठेवलं, सवयीनं डोळे मिटले आणि सवयीनंच कपाळाला आठी घातली, कारण लाकडी फळ्यांच्या आड बसलेले दोघे तिच्याकडे बघत नसले तरी बघत असतीलही, आणि अठरा वर्षं तेलं हुंगणारी बाई पेला ठेवताना अशीच आठी घालते हे साऱ्या संस्थेला पाठ होतं.

वास जाऊन आज एकविसावा दिवस. साधी सर्दी झाली होती. साधी! नाक-कान-घशाच्या डॉक्टरनं हातातल्या बॅटरीशी चाळा करत सांगितलं होतं, "येईल परत. आठवड्यात येईल, सहा महिन्यांत येईल. काहींना येत नाही." जणू पोस्टानं काही यायचं होतं आणि पोस्टमन जरा आळशी होता, एवढंच. आणि वर हसून म्हणाला होता, "तोवर मजा करा, कुणाच्या मोज्यांचा त्रास नाही." तिला त्या क्षणी त्याची ती बॅटरी हिसकावून घ्यावीशी वाटली होती. तिनं "बरं, येते," म्हटलं आणि खुर्ची नीट सरकवून ठेवली.

पहिला पेला, दुसरा, तिसरा. बारा पेले. निळ्या काचेचे, कारण तेलाचा रंग दिसला की मन आधीच ठरवून मोकळं होतं. प्रत्येकात तीन-चार घोट तेल, सूर्यफुलाचं, दीड वर्ष उबदार कपाटात मुरवलेलं. यंत्रं आकडे देतात, पण तेल बरणीत टिकलं की खवट झालं याचा शेवटचा शब्द माणसाच्या नाकाचा, आणि तीन नाकांत दुमत झालं तर तिच्या नाकाचा. असा नियम होता. नियम तिनंच केला होता, ती तिशीत असताना, स्वतःच्या नाकाच्या घमेंडीत... हो, घमेंडच, दुसरा शब्द नाही. तेव्हाच तिनं चोर पेल्याची पद्धतही घातली होती. बारातला एक पेला मुद्दाम नासवलेल्या तेलाचा. कितवा ते फक्त स्टोअरच्या मावशींना माहीत. ज्याला चोर सापडला नाही त्याचा त्या दिवसाचा कागद फाडायचा. किती जणांचे कागद तिनं फाडले होते! शांतपणे, आवाज न चढवता, चार तुकडे करून.

सकाळी दूध करपलं. ती शेगडीसमोरच उभी होती, हातात पळी घेऊन. नवरा बाहेरच्या खोलीतून ओरडत आला, "अगं, घर पेटलंय का? तू इथंच उभी आहेस ना? नाक कुठं ठेवलंयस, कचेरीत?" आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला. बिचाऱ्याला माहीत नव्हतं. तिनं घरात सांगितलंच नव्हतं, कारण सांगितलं असतं तर नणंदेला फोन झाला असता आणि नणंदेनं सात प्रकारचे काढे सुचवले असते, आणि प्रत्येक काढ्यापाठी "घेतलास का? मग? आला का वास?" — ते कोण सोसणार? पातेलं घासताना तिच्या लक्षात आलं की माणसांना नाकाशिवाय बोलताच येत नाही. नाकी नऊ आले, नाक खुपसू नकोस, नाकानं कांदे सोलतो... एकवीस दिवसांत एकही दिवस असा गेला नाही की कुणी तिच्यासमोर नाकाची म्हण टाकली नाही. देवा, तुला तरी कळायला हवं होतं. रोज सकाळी दहा मिनिटं ती देवापुढं गप्प बसायची, वर्षानुवर्षं, काही न मागता. आणि आता ती दहा मिनिटं नुसतं भांडण चालायचं. मी काय मागितलं होतं का तुझ्याकडे? जे होतं ते तरी नीट राहू द्यायचं होतं. डोळे अधू केले असतेस, चष्मा लावला असता. नाकाला काय लावू?

चौथा पेला. इथं तिनं वास घ्यायचं नाटक आखडतं घेतलं आणि सरळ घोट घेतला. नाक गेलं तरी जीभ आणि घसा शाबूत होते, हे तिनं दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं होतं. नासलेलं तेल जरा जाड होतं, पेला कलता केला की काचेवरून आळसावल्यासारखं उतरतं, आणि घशात मागच्या बाजूला बारीक खवखवतं. या खवखवीवर तिनं तीन आठवडे रेटले होते. तीनदा चोर पकडला होता! आताही चौथा पेला तिरपा केला, तेल रेंगाळलं, घसा खरखरला, आणि तिनं कागदावर चारसमोर शिसपेन्सिलीनं फुली मारली. चोर. आत कुठंतरी कोंबडा आरवावा तसा अभिमान आरवला. बघा, नाक नसलेली मीही तुम्हा नाकवाल्यांपेक्षा बरी.

मग सातवा.

सातवा ना जाड ना पातळ. घसा खरखरला का? किंचित... की मघाच्या चौथ्याचीच खरखर उरली होती? ती पाणी प्याली, सफरचंदाची फोड खाल्ली — जिला चव नव्हती, नुसता कुरकुरीत ओलावा — आणि पुन्हा घोट घेतला. काही सांगता येईना. तिनं सात रिकामा सोडला आणि बाकीचे उरकले.

"सातवा एकदम ताजा," फळीआडून दाढी म्हणाला. दाढी म्हणजे शेजारच्या प्रयोगशाळेतला रसायनवाला. त्याला सगळं एकदमच वाटायचं.

"ताजा?" ग्रंथपाल उठून उभेच राहिले. सेवानिवृत्तीला तीन महिने उरलेले, पण नाक तल्लख. "अहो, खवट आहे तो. नाकाला फडकं बांधून बसलात काय?"

"तुमचं नाक पुस्तकांच्या धुळीत मुरलेलं, साहेब. सगळंच जुनं लागतं तुम्हाला."

"आणि तुमच्या नाकापुढं एवढं रान माजलंय, वास आत शिरणार कुठून?"

दोघेही हसले आणि दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही सांगाल तेच खरं. आपल्याला काय!" असं म्हणून दाढीनं आपला कागद मावशींच्या खोक्यात टाकला, ग्रंथपालांनीही टाकला, आणि ते चहाला गेले. गेलेही! माणसं किती सहज उठून जातात. तुमच्या डोक्यावर अख्खं शेत ठेवतात आणि चहाला जातात.

कारण शेतच होतं ते. उद्या पेरणी होती. संस्थेच्या मागचा तुकडा नांगरून तयार पडला होता, आणि अकरा वाणांपैकी ज्यांचं तेल टिकलं त्यांचंच बी मातीत जाणार होतं. ज्याचं टिकलं नाही त्याची जागा दुसऱ्याला. त्यात एक वाण शेतवालीचा. शेतवाली म्हणजे संशोधनाला आलेली मुलगी, सात वर्षांपूर्वी पोरगेली होती आणि आता तिच्याही केसांत एक-दोन पांढरे. सात वर्षं तिनं फुलांना कागदी पिशव्या बांधल्या, ब्रशानं पराग टिपला, पाखरांना शिव्या दिल्या. हा हंगाम चुकला तर तिची नेमणूकही संपणार. आणि ही मुलगी काल जिन्यात भेटून म्हणते काय, "ताई, तुमचं नाक आहे म्हणून मी निर्धास्त झोपते बघा." झोप बाई. झोप. तुझी झोप पण माझ्याच नाकावर!

दार ढकलून मावशी आत आल्या. हातात उत्तरांचं पाकीट, चिकटवलेलं. सगळ्यांचे कागद आले की ते फोडायचं आणि कितवा पेला कुणाचा ते कळायचं, त्याआधी नाही. मावशींनी दार लावून घेतलं.

"सात राहिलाय ना, ताई?"

"लिहिते."

"नीट विचार करून लिहा." मावशींनी पदर सावरला. "तो आपल्या पोरीचा आहे."

तिनं वर पाहिलं. अठरा वर्षांत मावशींनी हे कधी केलं नव्हतं.

"मावशी, असं सांगायचं नसतं."

"माहीत आहे की. पण तुम्हाला कळणार कसं?" मावशी इतक्या हळू बोलल्या की आधी तिला वाटलं आपण ऐकलंच नाही. "महिना होत आला. पहिल्याच आठवड्यात स्टोअरमध्ये अख्खा डबा खवट झालेला, मी नाकाला पदर लावला, आणि तुम्ही त्याच्यावर वाकून शांतपणे लेबल वाचत बसलात. तेव्हापासून चोर मी चौथ्या जागीच ठेवते. आणि जरा जास्तच नासवलेला. म्हटलं, सापडेल तुम्हाला."

चौथ्या जागी. तिन्ही वेळा... आणि आज. तो कोंबडा! केवढा आरवला होता.

तिला रागच आला. भयंकर, पायाच्या अंगठ्यापासून. मावशींचा, त्यांच्या मऊ आवाजाचा, त्या "म्हटलं"चा. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी मागितलं होतं का? — आणि हेच वाक्य सकाळी देवाला म्हटलं होतं, हे आठवून तर अधिकच. मदत करणाऱ्यांना काय म्हणून सुनवायचं असतं, तेही कुणी शिकवत नाही. ती म्हणाली, "पाकीट ठेवा तिथं. आणि त्या मुलीला पाठवा."

"सांगणार तिला?"

"पाठवा, मावशी."

शेतवाली धावतच आली. बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, नखांत माती. "ताई, झालं? काय निघालं? नाही, सांगू नका. सांगा. नाही, थांबा, मी बसते." आणि बसली नाहीच.

आता सांगायचं, की मला वास येत नाही. चार शब्द. कागद आपलाच, फाडायचा. तीन आठवड्यांचे सगळे कागद फाडायचे... आणि पेरणी उद्या, आणि तोवर दुसरं नाक आणणार कुठून? तिसरं नाक हवंच. नियम तिनंच केलेला. चार शब्द घशात आले आणि तिथल्या खरखरीत अडकून राहिले, आणि त्यांच्या जागी तोंडातून भलतंच बाहेर पडलं. तिनं सातवा पेला मुलीपुढं सरकवला.

"बघ बरं. काय येतंय?"

"मी? माझा वाण आहे ना यात. मला चालत नाही."

"कितवा कुणाचा, तुला कुठं माहीत आहे? बघ."

मुलीला ती परीक्षा वाटली. तिनं हात पुसले, पेला तळहातावर धरला, ताईंकडूनच शिकली होती तसा, झाकण अगदी थोडं उचललं आणि डोळे मिटले. पंखा फिरत होता. खिडकीबाहेर कुणीतरी पाण्याचा पाइप ओढत होतं.

"आधी काकडी," मुलगी म्हणाली. "कापलेली. बरं वाटतं. मग..." ती थांबली. पुन्हा नाक नेलं. कपाळाला आठी पडली, नाटकाची नाही, खरी. "मग खाली ओला पुठ्ठा आहे, ताई. पावसात भिजलेलं खोकं असतं ना, तसं. थोडंच. पण आहे." तिनं झाकण ठेवलं आणि डोळे उघडले. "गेलंय हे तेल. ज्याचं असेल त्याचं वाईट वाटतं. पण गेलंय."

ती बघत राहिली. मुलीच्या तोंडावर किंतु नव्हता, फक्त कामाची ओळ वाचून दाखवल्यासारखा नेमकेपणा, आणि त्याच्या मागं शाबासकीची किंचित वाट. बरोबर आहे म्हणावं, तर ते तिला ठाऊक नव्हतं. चूक म्हणावं, तर तेही ठाऊक नव्हतं. काकडी... तिनं कापलेल्या काकडीचा वास आठवून पाहिला. थंड, हिरवा, पाणीदार. शब्द आठवले. वास आठवला नाही.

एवढे दिवस जी चिडचिड आत दारावर दांडकं घेऊन उभी होती, डॉक्टरवर, नवऱ्यावर, म्हणींवर, देवावर धावून जायला टपलेली, तिला तिनं हाक मारून पाहिली. या मुलीवर तरी चिडता येईल का? इतकं खरं का बोललीस म्हणून? दारावर कुणी नव्हतं. आतलं सगळं उघडं पडलं होतं, आणि तिथं पहिल्यांदाच, एकवीस दिवसांनी, भीती नुसती भीतीसारखी बसली होती, हात मांडीवर ठेवून.

"बरोबर ना, ताई?" मुलीनं विचारलं.