खुंटीवरचे एकवीस दिवस

मित्रांनो, मी एक जुनी फोडणीची पळी आहे. माझी दांडी वाकली आहे आणि वाटी धुराने काळी ठिक्कर पडली आहे. मूळची मी धरमतरच्या खाडीत मोडीत निघालेल्या एका मचव्याची लोखंडी पट्टी. पेणच्या काळुराम लोहाराने मला भट्टीत लाल केले, घणाखाली चेपले आणि खोलगट आकार दिला. घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण आले नाही, पण बाजारात मांडण्याइतके रूप आले.

सरूच्या लग्नात तिच्या आईने मला घेतले आणि मी रोह्याजवळच्या वरसे गावात तिच्या सासरी आले. सकाळ-संध्याकाळ चुलीवर तापायचे, तेलात मोहरी तडतडली की आमटीत बुडी मारायची, हे माझे काम. सरूच्या आमटीचा वास आळीच्या टोकापर्यंत जायचा, आणि बायका माझ्याकडे बघून विचारायच्या, पळी कुठून आणलीस गो? मी फुगून जायचे. मी फक्त चवीची धनीण आहे, असेच मला वाटत होते. ते अर्धेच खरे होते.

सरूची मुलगी रंभा चार वर्षांची असताना तिला गोवर आला. सासू हौसाने दाराला कडुनिंबाचा पाला बांधला आणि मला खुंटीवर टांगले. गोवर म्हणजे देवी घरात आली. मग तेल तापवायचे नाही, फोडणी द्यायची नाही, हा तिथला रिवाज. सात दिवसांनी देवीची पाठवणी झाली की पळी पुन्हा चुलीवर. मी मुकाट्याने दिवस मोजू लागले.

सातव्या दिवशी पुरळ मावळले, पण रंभाला हगवण लागली. हौसाचा नातीवर फार जीव. तिने देवीपुढे हात जोडले आणि म्हणाली, "पोर धड होईस्तवर या घरात फोडणी नाय."

चुकले ते इथेच. पोर धड होईना, म्हणून फोडणी नाही. आणि फोडणी नाही, म्हणून पोर आणखी खंगत गेले. रंभाच्या ताटात पेज आणि नुसत्या पाण्यात उकडलेला शेवग्याचा पाला. गुणाजी, तिचा बाप, धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा आणि तिथल्या कँटीनमध्ये खुशाल कांदाभजी खाऊन यायचा. नवस काय तो घरच्या चुलीपुरता!

पंधराव्या दिवशी दिवेलागणीला मी पाहिले, रंभा पुढ्यातली ताटली दिसत नसल्यासारखी हाताने चाचपत होती. सरूलाही ते दिसले. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात दुसरे कोणी नसताना रंभा म्हणाली, "आये, वरणाला फोडनी दे ना." सरूने मला खुंटीवरून काढले, तेल ओतले, चुलीजवळ नेले. मी आनंदाने थरारले. पण तिचा हात थांबला. देवी कोपली तर? तिने तेल परत बुधल्यात ओतले, मला पुसले आणि होते तिथे टांगायला हात वर केला. नेमकी तेव्हाच हौसा दारात आली. तिला सुनेच्या हातात पळी दिसली, एवढेच.

एकविसाव्या दिवशी रंभाच्या उजव्या डोळ्याची बाहुली दुधासारखी पांढरी झाली. सरूने चोरून फोडणी दिली म्हणून देवीने डोळा नेला, असे हौसाने साऱ्या आळीला सांगितले. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

त्याच दिवशी नर्स पद्मजाबाई गावात आल्या. त्यांनी रंभाला 'अ' जीवनसत्त्वाचे औषध पाजले आणि लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितले. निघताना हौसाला समजावले, "आजी, पाल्यात डोळ्यांचं जीवनसत्त्व होतं. पण ते तेलातुपातच विरघळतं. जेवणात तेलाचा थेंब नसला की पोटातून तसंच निघून जातं. अंगात साठवलेलं होतं, ते तापानं संपलं." 'अ', 'ड', 'ई' आणि 'के', चौघांचीही हीच तऱ्हा, असेही त्या म्हणाल्या. सरूने औषधाची अख्खी बाटली मागितली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. हे जीवनसत्त्व अंगात साठून राहते, जास्त झाले तर तेही बाधते, म्हणून नेमून दिले तेवढेच.

डावा डोळा वाचला. उजवा गेला तो गेलाच.

पुढे चौदा वर्षे त्या घरात मोहरी तडतडली, पण सासू-सुनेत कामापुरतेच बोलणे राहिले. हौसा अंथरुणाला खिळली, तेव्हा तिने एक दिवस रंभाकडे फोडणीचे वरण मागितले. रंभाने ते भरवले. हौसाने तिच्या उजव्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "पळी मी टांगली, बाय. तुझ्या आयेचा दोष नाय."

सरू चुलीपाशीच होती. चौदा वर्षे याच वाक्याची वाट पाहिलेली बाई, पण तिला ते घेता आले नाही. माझ्याकडे बघत ती हळूच सासूला म्हणाली, "मी काढली व्हती, आत्या. पुन्ना मीच टांगली."

मित्रांनो, त्या घरात रंभाचे वाईट कोणीच चिंतले नव्हते, आणि हेच मला आजही सलते. तुमच्या घरी कोणी आजारी पडले, तर देवाला जरूर हात जोडा. पण नर्सबाईंना आधी बोलवा, औषध त्या सांगतील तेवढेच द्या, आणि पाल्याच्या भाजीवर चमचाभर फोडणी घालायला भिऊ नका. आता मी रंभाच्या चुलीवर असते. मोहरी तडतडली की नाही हे बघायला ती अजून मान उजवीकडे वळवते, डावा डोळा माझ्यावर यावा म्हणून.